तिचा टॉवेल

पाचव्या दिवशीही ताप हटला नाही.
बुज्जीच्या पापण्या सकाळी चिकटलेल्या,
ओल्या कापसाने सोडवाव्या लागत.
आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडे,
ताण सैल झाला की मागावरच्या कापडाला पडतो तसा.
कापड असतं तर मी हाताने ओढून घेतलं असतं.

बिराजदार मॅडम म्हणाल्या, ॲडिनो व्हायरस.
ह्याला असं औषध नाही.
ऑक्सिजन देऊ, पाणी देऊ, वाट पाहू.
वाट पाहू, हे इतकं सरळ म्हणाल्या
की मला आमचा नळ आठवला.

शेजारच्या मल्लव्वाला फोनवर ऐकू आलं : अडीनडी.
"मग आलेच की मी!"
विड्यांचं सूप तसंच कोपऱ्यात सारून आली.
आत एकालाच सोडतात,
म्हणून जिन्यात बसून राहिली, मांडीवर डबा धरून.

हात साबणाने धुवा, मॅडम म्हणाल्या,
आणि तिचा टॉवेल वेगळा ठेवा.
मी मान हलवली.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
पाळीला शंभरावर टॉवेल उतरतात माझ्या हातून.
घरात एक आहे. सेकंड मालातला, कड सुटलेला.
चौघांची तोंडं त्यालाच.
थोरल्याला सर्दी झाली, मग त्याचे डोळे आले,
मग बुज्जी.
धागा सापडला. ओढायला उशीर झाला होता.

रात्री ती झोपेना.
अंगठ्याला लाल दिवा, पडद्यावर एकोणनव्वद.
भिंतीपलीकडे माग चालू असतानाच जन्मलेली पोर,
इथली शांतता तिला कुठून सोसणार?
रातपाळीच्या सायबण्णाला म्हटलं,
चार नंबरच्या मागाजवळ फोन धर जरा.
खटक् खटक्, खटक् खटक्.
सिस्टर बंद करा सांगायला आल्या,
उभ्या राहिल्या,
सलाइन बघून गेल्या.
बुज्जीची मूठ सुटली. एक्याण्णव.
आवाजाने झालं असं मी म्हणत नाही.
मॅडम म्हणतात, दिवस भरले की उतरतं.

अकराव्या दिवशी घरी आलो.
मल्लव्वा दारातूनच : "गेली का रे अडीनडी?"
पगारातून कापून घेतलेला
नवा टॉवेल दोरीवर टाकला, बुटका, पिवळ्या काठाचा.
थोरला म्हणाला, हा कुणाचा?
हात लावू नको, म्हणालो.
मग त्याचाच हात धरला, मोरीत नेला,
साबण लावला.
नळाला अजून दोन दिवस होते.
अर्धा तांब्या ओतला.
मग उरलेला अर्धाही.