विजोड

तीस वर्षं मी भांड्यांना काच चढवली.
प्रतापगंजच्या कॉलेजात, भट्टीच्या शेडमागे,
फेल्डस्पार, गारगोटी, जस्ताची पूड
तोलायची, कालवायची, फडक्यातून गाळायची
आणि पोरांचे वेडेवाकडे वाडगे
चिमट्यानं धरून बुडवून काढायचे.
काच चढली की भांडं सुटलं.
हळद लागत नाही, चहा मुरत नाही,
कुणाचा हात फिरला, पुसलं की गेलं.
झिलई म्हणजे काय, मी पोरांना सांगायचो,
भांड्यानं काही मनावर न घेणं.

मग ओकुनो आला, जपानहून, बारा आठवड्यांसाठी.
आमच्यात मिळून एकच शब्द होता, चालशे,
तोही गुजराती.
जायच्या आदल्या दिवशी घरी आला, दोन पेले घेऊन.
तांबूस, कोरडे, अंगावर काचेचा थेंब नाही.
मला वाटलं, चेष्टा करतोय.
हलवायाला कुणी उसाचं कांडं भेट द्यावं तसं.

संक्रांत नुकतीच झालेली.
शालननं पुढे केलेल्या वडीतला एक तीळ
त्यानं नखानं सुटा केला
आणि पेल्यावरच्या राखेच्या ठिपक्याशी धरला.
तीळ, शालन म्हणाली, आणि नकळत
स्वतःच्या हनुवटीला हात लावला.
लाल पट्टे दाखवून त्यानं हवेत पेंढा गुंडाळला,
फू करून पेटवला.
मग साबण लावल्याचं नाटक, आणि बोट हलवून, नाही.
मग चहा प्यायल्याचं, आणि दहा बोटं उघडून,
मिटून,
पुन्हा दहा.

खालच्या जशीबेन पेला उलटा करून म्हणाल्या,
आ तो काचो छे.
मला आधी ऐकू आलं, काच आहे.

माझा मी कपाटात ठेवला, खोक्यासकट,
कसल्याशा मोठ्या दिवसासाठी.
शालननं तिचा दुसऱ्याच सकाळी नळाखाली धरला.
आजव्याचं पाणी, भरवाडाचं दूध,
आलं, गवती चहा, कधी उन्हाळ्यात फुदिना.
ओकुनोनं पाहिलं असतं तर डोळे मिटले असते.
बुडाची कड खरखरीत,
टेबलाच्या सनमायकावर रोज एक ओरखडा.
अगं, खाली काहीतरी ठेव, मी ओरडायचो.
ती नुसती विसळायची, पालथा घालायची
आणि तो जागेवर ठेवायची, खिडकीत,
मिठाच्या बरणीशेजारी.

किती वर्षं, ते मी मोजलं नाही.
रोज समोर असलेलं कोण मोजतं?

परवा चष्म्याचं जुनं बिल शोधताना खोकं हाताला लागलं.
माझा पेला काढून तिच्या पेल्याशेजारी ठेवला.
सख्खे भाऊ म्हणून कुणी ओळखले नसते.
माझा होता तसाच, फिक्का, घशाला कोरड पडल्यासारखा.
तिचा सुपारीच्या रंगावर गेलेला,
पेंढ्याचे पट्टे खोल, तीळ काळेभोर,
आणि एका बाजूला, अंगठ्याएवढ्या जागेत,
चकाकी.

मी ती जागा खिडकीत नेली, तिरकी धरली,
जीभसुद्धा लावून पाहिली, जुनी सवय.
साधारण दोनशे झिलया मी हातानं कालवल्यात.
ही त्यातली नाही.
हिचं प्रमाण कुणी वहीत लिहिलेलं नाही,
हिला भट्टी लागली नाही,
आणि जिनं चढवली
ती आत कुकरची शिटी मोजत होती.

काय बघताय, तिनं विचारलं.
काही नाही, मी म्हणालो.
भांड्यानं मनावर घेतलंय.

आज सकाळी माझा पाण्यात बुडवला.
कडेनं चार-पाच बुडबुडे आले, बारीक,
कुणी झोपेत कूस बदलावी तसे.
बहात्तर पूर्ण झालीत मला;
ओकुनोची बोटं मी मनात उघडून पाहिली,
दहा, आणि पुन्हा दहा,
आणि मिटली.

चहा ओतला. पेला टेबलावर ठेवला.
खर्रर्र.
तिच्या पेल्याची कड कधीच गुळगुळीत झालीय,
आता ओरखडे माझा काढतो.
शालननं न बोलता फुटकी बशी पुढे सरकवली,
माझ्याच हातच्या निळ्या झिलईची.