खडपावर, ओहोटीला

पुस्तकात तीन वर्ग आहेत: हिरवी, तपकिरी, लाल.
त्यातले दोन मला एकच दिसतात.
नोकरीच्या अर्जात हे लिहिलं नव्हतं.

हणजुण्याचं खडप. सहा चाळीसची ओहोटी.
सर म्हणाले, लाल तेवढी वेगळी काढ,
आणि धक्क्याकडे फोनवर बोलत गेले.
मी बादली घेऊन उभा.
समोर सगळं शेवाळ ओल्या काथ्याच्या रंगाचं.

एस्पेरांसा कालवं फोडत होती.
बराच वेळ बघितलंन माझ्याकडे.
मग म्हणाली, "दोळे धांप. पांयांनी पळय."

चपला काढल्या.

अंगठ्याखालून सटकली ती हिरवी,
कांद्याच्या सालीसारखी झिरझिरीत,
शॅकचं सांडपाणी उतरतं तिथं सगळ्यात दाट.

पुढं चामडं लागलं. पानांच्या कडेला दात,
देठाशी मिऱ्याएवढे फुगे,
टाच पडली की टप्प.
याच फुग्यांवर ती पाण्यात उभी राहते,
पाणी गेलं की आडवी, दमलेली.
तपकिरी.
तिच्याच घरातली दुसरी, डबक्यात, पंख्यासारखी:
खडूच्या रेघा अर्धगोल,
आणि कडेला नेवरीला घालतात तशी मुरड.

लाल कुठे आहे, मी विचारलं.
"तुज्या बोटांक धरून आसा."
खरंच. दोऱ्याएवढी गोल, कुरकुरीत,
टोकाला आकडा. जे शेजारी असेल
त्याला अडकून राहणारी.
आणखी एक नुसती चुन्याच्या कांड्यांची,
पाय पडला की सांध्यात मोडते.

प्रयोगशाळेत पोरांनी
उन्हानं विटलेली एक जुडी
हिरव्यांच्या ताटात टाकली होती.
मी उचलून लालमध्ये ठेवली.
सरांनी चष्मा वर केला. कशावरून?
आकडे, म्हटलं.
त्यांनी भिंगाखाली धरून पाहिली,
मग काही बोलले नाहीत.

कागदावर चिकटवताना एक रकाना असतो, रंगाचा.
तो मी अजून तिलाच विचारून भरतो.
एकदा म्हटलं, तांबडी म्हणजे कशी गं?
"कापलें काय येता, तशी,"
म्हणून तिनं अंगठा पुढं केला,
शिंपल्यानं नुकताच चिरलेला.

मला तो ओल्या काथ्याच्याच रंगाचा दिसला.
शेवाळ दाबायला आणलेली मलमल होती पिशवीत.
फाडून दिली.