सतरा नंबर

पहाटे, ऊन फांद्यांत शिरायच्या आत,
गुमेर्सिंदो मुरायारी बुंध्याला तीन चिरा देतो.
आधी झाडाला विचारतो, हळू, कुकामा भाषेत,
जी त्याच्या लेकीला अर्धीमुर्धीच येते.
मग लाल चीक ओघळत बाटलीत उतरतो.
बाजारात त्याला ड्रॅगनचं रक्त म्हणतात.
तो म्हणतो, चीक.

तळहातावर चोळला की पांढरा होतो, साबणाच्या फेसासारखा.
एदिल्माच्या पापणीला गांधीलमाशी डसली तेव्हा
बापानं असाच फेस लावला होता
आणि ठणका विसरावा म्हणून
नानाय नदीतल्या होड्या मोजायला बसवलं होतं.
उरलेल्या एका डोळ्यानं. एकेचाळीस.

आता इकितोसच्या प्रयोगशाळेत ती सूज मोजते.
उंदराच्या पंजात समुद्री शेवाळाचा अंश टोचायचा,
पंजा टम्म फुगू द्यायचा,
पाण्यात बुडवून पाणी किती चढलं ते लिहायचं,
दर तासाला, मिलिलिटरच्या शंभराव्या भागापर्यंत.
निम्म्यांना अर्क.
निम्म्यांना नुसतं पाणी.

सतरा नंबर पाण्याच्या वाट्याला आलेला.
पंजा टेकवत नव्हता.
बाकीचेही टेकवत नव्हते, खरं तर,
पण हा कोपऱ्याकडे तोंड करून बसलेला,
पाहुण्यांपासून दुखणं लपवणाऱ्या माणसासारखा.

रात्री वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला सहा मिनिटं.
कोटाच्या खिशात बापाची बाटली होती,
खोकल्याच्या औषधाची जुनी, निळ्या झाकणाची.
एक थेंब. अंगठ्यानं चोळला.
लालाचं पांढरं झालं का ते अंधारात दिसलं नाही,
बोटाला फेस कळला, आणि खाली
एवढंसं, भराभर उडणारं काळीज.

शुक्रवारी आलेख. डॉक्टर पिनेदो भुवई चढवतात :
हा एक ठिपका रांग सोडून खाली बसलाय.
मोजण्यात चूक झाली असेल, म्हणतात, आणि खोडतात.
एदिल्मा मान हलवते.
कशाला हलवली, तिचं तिलाच ठाऊक नाही.

रविवारी घरी. बाप बाटली उजेडात धरतो.
"कुणाला लावलंस?"
ती अंगठ्याच्या नखातली तपकिरी खपली खरवडत राहते.
"विचारायचं राहून गेलं, बाबा."
"कुणाला? झाडाला
की ज्याला लावलंस त्याला?"

नदीवरून एक होडी जाते, केळ्यांच्या घडांनी वाकलेली.
तो झाकण घट्ट करतो
आणि मासे उलटायला चुलीकडे वळतो.