टाका

राणीछाप रुपया, सन अठराशे बासष्ट.
वजन अकरा ग्रॅम चाळीस.
मूळ वजनाहून थोडं कमी, कारण आधी तो हातांतून फिरला,
मग एका गळ्यात गेला, आणि तिथे जास्त झिजला.

वर्णनात असं लिहीत नाहीत.
वर्णनात लिहितात : दुर्मीळ. देखणं. जुन्या संग्रहातून.

जुना संग्रह म्हणजे खुमलीबाई पावरा.
भोंगऱ्या संपल्यावर सातपुड्यातून जीपने उतरली,
चोपड्याच्या सराफ गल्लीत माझ्या ओट्यावर बसली,
सहा रुपयांची माळ काढली, पाच परत घातले.
सहावा नातवाच्या आयटीआयच्या फीसाठी.
मी चांदीच्या भावाने मोजून दिले.

पकडीने कान तोडला. खाली टाका उरला,
तिळाएवढा, राणीच्या मुकुटावर,
घड्याळात बारा असतात त्या जागी.

भाचा हर्षल फोटो काढतो. त्याला उजेड कळतो.
नाणं जरा डावीकडे सरकवलं
की टाका सावलीत जातो आणि राणी गोरी होते.
"मामा, कडकडे कोन देखस?"

नाना कसोटीचा दगड गिऱ्हाइकाच्या बाजूला ठेवत.
गादीवर नाही, तिकडे, त्याच्या गुडघ्याजवळ.
घासायचं तर त्याच्या डोळ्यांसमोर.
आता गिऱ्हाईक तिरुचिरापल्लीत.
त्याच्या गुडघ्याजवळ मी काय ठेवू?

म्हणून तिसरा फोटो मी काढला, कडेचा, अगदी जवळून,
आणि लिहिलं : कडेला टाक्याची खूण आहे.
नाणं चिंचेने धुतलेलं आहे.
(बायकोने. तिचा हेतू चांगला होता.
हे लिहिलं नाही.)

लिलाव सात दिवसांचा.
सहा दिवस बोली चौदाशे पन्नासवर बसून राहिली,
पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखी.

सातव्या रात्री हलली.
अठराशे. एकवीसशे.
कुणी 'तापीकाठ' नावाचा चढवत होता,
आणि तिरुचीचा मागे हटत नव्हता.
मला वाटलं, खऱ्याला भाव आहे.
बायकोला हाक मारून दाखवलं.

सव्वीसशेला लक्षात आलं :
माझा पडदा हलायचा त्याच्या क्षणभर आधी
काउंटरमागे हर्षलचा अंगठा हलत होता.

थांब म्हणता आलं असतं.
मी वही उघडली
आणि कालचाच हिशोब पुन्हा केला.
बेरीज तीच आली.

दहा वाजले. तीन हजार पन्नास. तिरुचीचा जिंकला.
पैसे लगेच पाठवले, सोबत दोन ओळी :
टाका तुम्ही स्वतःहून दाखवलात,
म्हणून बिनधास्त चढत गेलो.

त्या रात्री शेवभाजी तशीच राहिली, वर तेलाचा तवंग.

एक टाका दिसतो, नखाला लागतो.
दुसरा कुठल्याच फोटोत येत नाही,
आणि त्याला झाळायला मी पहिलाच वापरला होता.

सकाळी त्यांना लिहिलं :
आपली बोली पंधराशे धरावी.
त्यापुढची माझ्याच घरातून होती.
पंधराशे पन्नास परत करतो आहे.
नाणं नको असेल तर तेही सांगा.
हर्षल दोन दिवस दुकानात आला नाही.
तिसऱ्या दिवशी आला, झाडू घेतला,
कधी नव्हे ती पायरीसुद्धा झाडली.

तिरुचीहून उत्तर नाही.
नाणं पाकिटात, पाकीट गल्ल्यात.

एवढं निस्तरलं तर बरं वाटायला हवं होतं.
मी सहज पावतीपुस्तक उलटं चाळत गेलो,
मार्चपर्यंत.
खुमलीबाई पावरा, निशाणी डावा अंगठा.
एक नग रुपया, कानासह.
आणि खाली, माझ्याच वळणदार अक्षरात :
घट वजा, टाक्यापोटी,
रुपये चाळीस.