आडात नाही ते

एव्हर्टकडून पाकीट आलं, आत बाटलीत गुलाबी पाणी.
परवापर्यंत हे बर्फ होतं. माजावर आलेल्या मादीच्या
रक्ताचे तीन थेंब, त्याने उचलले
त्याच चमच्याने, ज्याने तो कॉफीत साखर ढवळतो.
मी फोनवर ओरडले. तो म्हणाला, धुतला होता गं.

एव्हर्टला लांडगे आवडत नाहीत.
त्याची कुत्री याच जंगलात फाडली त्यांनी,
पट्ट्याची घंटा तेवढी परत आली.
तरी आठ हिवाळे तो त्यांचा माग काढतो,
विष्ठा गोळा करतो, वाकड्या अक्षरात तारीख घालतो.
म्हणतो, शत्रूची मोजदाद तरी चोख हवी.

माझं काम सोयरिका तपासण्याचं.
पडद्यावर प्रत्येक जागी दोन शिखरं दिसायला हवीत,
एक आईकडचं, एक बापाकडचं.
इथे जागोजागी एकच, उंच, एकटं.
म्हणजे आईकडून आलं तेच बापाकडूनही,
कारण आई आणि बाप एकाच बिळातले.
अख्ख्या वेर्मलांडात मूळची घराणी बोटांवर मोजावी इतकी,
बाकी सगळे त्यांचेच नातू
आणि तेच त्यांचे जावई.
टेबलावर आलेल्या सांगाड्यात मणका एक जास्त,
एखाद्या नराचं वृषण पोटातच अडकलेलं,
पिल्लं सहा व्हायची तिथे दोन.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणि आड तर दर जानेवारीत उपसतात.
शिकारीच्या परवान्याआधी कार्यालय मला विचारतं,
यंदा कोणते गेले तर चालतील?
मी तक्ता पाठवते. ज्यांचं रक्त घरोघरी आहे ते वर,
विरळ ते तळाशी.
तक्त्यात ‘चालतील’ असा रकाना नाही.
पण तो तसाच वाचला जातो,
आणि मीही तो तसाच लिहिते.

त्या हिवाळ्यात एका विष्ठेत शिखर निघालं
जिथे आजवर कुणाचंच नव्हतं.
मी नमुना पुन्हा लावला. मग पुन्हा.
पूर्वेकडचा होता तो, सरहद्दीपलीकडचा,
गोठलेल्या आखातावरून की काठाकाठाने, ठाऊक नाही,
रेनडियरच्या सगळ्या मुलखातून न मरता आलेला.
एव्हर्टने दोन माग पाहिले, शेजारी शेजारी,
एका जागी एकमेकांत मिसळलेले.
चमचा तिथलाच.

एप्रिलमध्ये तो एकटाच उत्तरेला निघाला, का कुणास ठाऊक.
याम्टलांडात लेय्साच्या गाभण माद्या
कड्याखाली बर्फात पडलेल्या सापडल्या, सतरा.
तिने फोन केला, भांडायला नाही.
म्हणाली, तुमच्या तक्त्यात हा सगळ्यांत तळाशी ना?
माझ्याही कळपात वंशावळ असते, कानांवरच्या खुणांत कोरलेली.
आजीच्या खुणेची शेवटची मादी काल गेली.
मी म्हणाले, पण हा पाव्हणा आहे, एकच आहे.
ती म्हणाली, हो.

परवानगी मिळाली. गोळी कुणी घातली, मी विचारलं नाही.
स्नायूचा तुकडा नियमाप्रमाणे माझ्याकडे आला,
पाकिटावर तिचं अक्षर:
पाव्हणा परत पाठवत आहे.

ऑक्टोबरात एव्हर्टच्या जंगलातून सात पिशव्या.
पहिल्या पाच ओळखीच्या. सहावीत
दोन शिखरं. एक आईचं,
दुसरं ते.
सातवीतही.
एव्हर्टला सांगितलं. बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू आला.
मग त्याने विचारलं, किती किलोची असतील आता?
आणि म्हणाला, नवी कुत्री आणायची होती,
बघू पुढच्या वर्षी.

जानेवारी जवळ आला. मी तक्ता उघडते,
तळाशी दोन ओळी वाढवते,
आणि मग त्यांची आई कुठल्या ओळीत आहे ते शोधते.

वरून तिसरी.