दोन्ही काटे सारखे

बॉनेट ओल्या फडक्यानं धरून उघडावं लागलं.
मेहिकालीत जूनमध्ये सकाळी अकरालाच
उन्हात ठेवलेला पाना पुन्हा हातात घेववत नाही.

पांढरी त्सुरू. दारावरचा टॅक्सीचा नंबर
खरवडलेला, तरी वाचता येणारा.
दोन्या एद्युविहेस खुर्ची देऊनही उभ्याच राहिल्या,
पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.
"हिचा एसी कधी चाललाच नाही," त्या म्हणाल्या,
"एकोणीस वर्षं.
एलिओदोरो म्हणायचा, दुरुस्तीच्या पैशात दुसरी गाडी येईल.
आता तो नाही, आणि डॉक्टर म्हणतात..."
डॉक्टर काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

गेज लावले. निळी नळी इकडे, लाल तिकडे.
इंजिन चालू, बटण दाबलेलं, पंखा चारवर.
दोन्ही काटे सारखे:
एकशे पंचावन्न, एकशे पंचावन्न.
भांडण झालेल्या घरात जेवायला बसलेले दोघं जसे,
आधी कोण हलणार यावर अडलेले.

याचा अर्थ सोपा. गॅस आहे, त्याला पळवणारा कॉम्प्रेसर थांबलेला.
पण गॅस आहे, हेच मला खटकलं.
एकोणीस वर्षं न फिरलेल्या कॉम्प्रेसरचं सील
वाळून तडकतं; गॅस केव्हाच उडून गेलेला असतो.
मी क्लचची चकती बोटानं पुसली.
धुळीच्या पातळ थराखाली
रोज वापरातल्या विळ्याच्या धारेसारखी चकाकी.

फ्यूज शाबूत.
रिले काढून हॉर्नचा लावून पाहिला, तेच.
क्लचच्या तारेवर टेस्टरचा दिवा लागेना.
शेवटी बॅटरीवरून सरळ एक तार दिली:
टक्.
निळा काटा खाली घसरला, लाल वर चढला,
आणि जाड नळीला अर्ध्या मिनिटात
घाम फुटला.

म्हणजे दोष मधल्या वायरीत.
मी पाठीवर झोपून डॅशखाली शिरले,
बॅटरी तोंडात धरून.
हिरव्या वायरीला कुणीतरी काळी जोडली होती,
नीटनेटकी, टेप तीन वेढे,
आणि ती गेली होती ॲशट्रेच्या मागे,
एका चिमुकल्या स्विचपाशी.
स्विचवरची अक्षरं पुसून गेलेली.
अंगठ्यानं. एकाच अंगठ्यानं, वर्षानुवर्षं.

तिथं खाली मी जरा जास्तच वेळ पडून राहिले.

बाहेर येऊन म्हणाले, "एक वायर सुटली होती."
"कुठली?"
मला खोटं बोलता येतं, फक्त डोळे साथ देत नाहीत.
ते ॲशट्रेकडे गेले.

त्या आत बसल्या. दार ओढून घेतलं.
जाळीत खोचलेला थर्मामीटर सातवर आला, तरी
त्यांचा हात ॲशट्रेमागेच होता.
बंद. चालू. बंद. चालू.
दर वेळी बॉनेटखाली तो टक्,
आज्ञाधारक.

मग काच चार बोटं खाली करून
त्या माझ्याशी बोलल्या, की स्वतःशीच:
"शेजारचा रेफूहियोपण टॅक्सीच चालवायचा.
त्याच्या शर्टांवर काखेत मिठाचे नकाशे.
त्याची बायको तासभर घासायची.
मी मिरवायचे, माझ्या माणसाला घामच येत नाही,
जन्मतःच थंड रक्ताचा.
रविवारी मला चर्चला न्यायचा,
तेव्हा मात्र दोघंही भिजून जायचो.
माझ्यासोबत भिजायचा तो."

हे त्याच्या बाजूनं होतं की विरुद्ध,
मला ठरवता आलं नाही. बहुतेक त्यांनाही.

पन्नास पेसो म्हटले, दोनशे ठेवले.
गाडी निघाली तेव्हा चारही काचा खाली होत्या.
कोपऱ्यावर लाल सिग्नल लागला,
आणि मला दिसलं,
ड्रायव्हरच्या बाजूची काच
हातानं फिरवल्यासारखी, अडत अडत वर येतेय.
अर्ध्यावर आली, थांबली.
सिग्नल हिरवा झाला.