अडकलेली पट्टी

निवतीच्या जत्रेत डबलबारी.
पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'बुवा' छापलेलं.
बाईसाठी वेगळा शब्द त्यांच्याकडे नव्हता,
मलाही सुचवता आला नाही.

समोर पेंडूरकर बुवा, पान जमवत, निवांत.
माझ्या तळव्यांना घाम.
सकाळी डेअरीत ह्याच हातांनी
अडीचशे लिटर दूध मापलं होतं,
एक थेंब सांडला नव्हता.

गजर चढत गेला, आणि ऐन चढावर
बोट शेजारच्या पट्टीवर पडलं.
तेवढं चाललं असतं.
पण खाऱ्या हवेनं लाकूड फुगलेलं,
पट्टी खाली गेली ती वर येईना.
बोट उचललं तरी ती बोलतच राहिली,
लग्नाच्या पंगतीत जुनं भांडण उकरणाऱ्या आतेसारखी.
भाता थांबवावा तर सगळी पेटी मुकी,
हलवावा तर पुन्हा ती.

शेवटी गाता गाता नखानं उचकटली.

झांजवाली चंद्रावती म्हणते, दोन मात्रा गेल्या असतील.
माझ्या हिशेबात तेवढ्यात
होडी मालवणला लागून परत आली असती.

पुढचे तीन अभंग आणि गवळण मी गायले,
असं लोक सांगतात.
मी तिथेच होते, त्या पट्टीपाशी.
अंथरुणावरही तिथेच.

पहाटे जेटीवर लवू मेतर, माझा पखवाजवाला,
जाळ्यातून कुर्ल्या सोडवत बसलेला.
मान वर न करता म्हणाला,
"रागावलंस काय गे?
गवळणीत माझी तिहाई चुकली.
तू माझ्याकडे असा बघलंस,
माका वाटला, तुका कळला."

मी कुठे बघितलं होतं!
पेटीपलीकडे कुठेतरी नजर लावायची होती,
तिथे लवू बसला होता, इतकंच.

"आणि माझी पट्टी?"
"खयची पट्टी?"
"गजरातली. सगळ्या गावानं ऐकली."
"गजरात माका कायच ऐकाक येय नव्हता.
मी नुसतो मोजी होतंय."

मग बराच वेळ आम्ही दोघं
काहीच बोललो नाही.
एक कुर्ली टोपलीतून निसटली,
लवूनं तिला जाऊ दिलं.

पुढची बारी परुळ्याला, अठरा तारखेला.
पेटी अंगणात उन्हाला ठेवली आहे.
पट्टी दहातून एकदा अजून अडकते.

उजव्या हाताचं एक नख
मी वाढवलं आहे.